ड्युनेडिनहून आलेले अल्बम

ड्युनेडिन हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असलंच, तर क्रिकेटमुळे. फेब्रुवारी १९६८ मध्ये भारताने परदेशातला आपला पहिला कसोटी विजय मिळवला तो याच शहरातल्या कॅरिसब्रुक मैदानावर, आणि दोन्ही डावांत अर्धशतक झळकावणारा फलंदाज होता आपला अजित वाडेकर. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी त्याच शहरातल्या विशी-बाविशीच्या मुलामुलींनी हातात गिटारी घेऊन जे केलं, त्याची बातमी मात्र आपल्याकडे आलीच नाही.

हे पुस्तक त्या मुलामुलींच्या अल्बमांविषयी आहे. द क्लीन, द चिल्स, द व्हर्लेन्स, द बॅट्स, लुक ब्लू गो पर्पल. रॉक मनापासून ऐकणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना ही नावं माहीत असतात. माझं मत विचाराल तर १९८० च्या दशकात इंग्रजीत जे रॉक संगीत झालं, त्यातल्या अव्वल कामात यांची गणना व्हायला हवी. ती होत नाही याचं कारण संगीतात नाही, नकाशात आहे.

तेव्हा आधी नकाशा. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, आग्नेय किनाऱ्याला, लाखभर वस्तीचं हे शहर. १८४८ मध्ये स्कॉटलंडहून आलेल्या चर्चनिष्ठ लोकांनी ते वसवलं आणि एडिनबरोचं जुनं गेलिक नाव त्याला दिलं. शहराच्या मुख्य चौकात आजही रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीचा पुतळा आहे. १८६१ मध्ये जवळपासच्या डोंगरांत सोनं सापडलं, पैसा आला, दगडी इमारती उठल्या, १८६९ मध्ये ऑटागो विद्यापीठ निघालं. ते त्या देशातलं सर्वांत जुनं विद्यापीठ. पुढे सोनं संपलं, व्यापार उत्तरेकडे सरकला, आणि मागे राहिलं ते विद्यार्थ्यांचं शहर: लांबलचक ओला हिवाळा, जुनी लाकडी घरं आणि परवडणारी भाडी. अशा घरात चार जण मिळून राहिले, की एक खोली तालमीला सहज मिळायची.

लंडन इथून सुमारे १९,००० किलोमीटरवर. नावाजलेले परदेशी बँड इतक्या दक्षिणेला क्वचितच उतरायचे. बाहेरचं संगीत यायचं ते तबकड्यांतून, तेही उशिरा आणि तुटक-तुटक. त्यामुळे इथल्या मुलांच्या कानावर व्हेल्व्हेट अंडरग्राउंड, सिड बॅरेटच्या काळातला पिंक फ्लॉइड, द बर्ड्झ आणि नवं पंक हे सगळं एकाच वेळी, एकाच ढिगातून आलं. कुठलं जुनं, कुठलं नवं, कशाची चलती संपली, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं. या संगीताच्या मोकळेपणाचं मूळ मला इथे दिसतं. साठच्या दशकातली गोड चाल आणि पंकचा धसमुसळा ठेका एकाच गाण्यात आणायला त्यांना कसलाच संकोच वाटला नाही, कारण हे दोन वेगळे पक्ष आहेत असं त्यांना कोणी शिकवलेलंच नव्हतं.

शहरात पहिली ठिणगी पाडली ती क्रिस नॉक्सच्या ‘द एनिमी’ या पंक बँडने, १९७७-७८ मध्ये. त्याच सुमारास हॅमिश आणि डेव्हिड किलगोर या दोघा भावांनी ‘द क्लीन’ सुरू केला. हॅमिश ड्रमवर, डेव्हिड गिटारवर; पुढे बेस वाजवायला रॉबर्ट स्कॉट आला. हळूहळू बँड वाढले, आणि वाजवणारे तेच ते असल्यामुळे एकमेकांत मिसळतही गेले.

१९८१ मध्ये क्राइस्टचर्चमध्ये तबकड्यांचं दुकान सांभाळणाऱ्या रॉजर शेफर्ड नावाच्या तरुणाने ठरवलं, की या बँड्सची गाणी कोणी काढत नसेल तर आपण काढू. ‘फ्लाइंग नन रेकॉर्ड्स’ ही कंपनी त्यातून उभी राहिली. द क्लीनचं ‘टॅली हो!’ हे तिचं दुसरंच प्रकाशन. ध्वनिमुद्रणाचा खर्च पन्नास-साठ डॉलर. त्यातलं उड्या मारणारं ऑर्गन वाजवलंय अठरा वर्षांच्या मार्टिन फिलिप्सने, जो तेव्हा ‘द चिल्स’ हा आपला बँड नुकताच उभा करत होता. हे गाणं न्यूझीलंडच्या विक्रीयादीत एकोणिसाव्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेली ‘बूडल बूडल बूडल’ ही पाच गाण्यांची तबकडी पाचव्या क्रमांकापर्यंत चढली आणि कित्येक महिने यादीत टिकली. जाहिरातीला पैसा नसलेल्या, मोठ्या कंपनीचा हात पाठीवर नसलेल्या तिघांनी हे साधलं होतं. आपल्यालाही हे जमेल, असं वाटणाऱ्यांची मग तिथे रांग लागली.

‘बूडल’चं ध्वनिमुद्रण ऑकलंडमध्ये झालं, नॉक्स आणि त्याचा मित्र डग हूड यांच्या हातून. नॉक्सकडे टीॲक कंपनीचा चार ट्रॅकचा टेपरेकॉर्डर होता, आणि या सगळ्या कथेत त्या यंत्राचा वाटा एखाद्या वादकाइतका आहे. ते कसं चालायचं ते नीट समजून घेतलं, तर हे अल्बम असे का वाजतात हे कळतं.

चार ट्रॅक म्हणजे एकाच फितीवर शेजारी-शेजारी चार पट्टे. एकावर ड्रम, दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर गिटार, चौथ्यावर गळा, संपली जागा. आणखी एक गिटार किंवा मागचा आवाज हवा असेल, तर आधीचे दोन-तीन पट्टे एकत्र मिसळून मोकळ्या ठेवलेल्या एका पट्ट्यावर उतरवायचे आणि रिकामे झालेले पट्टे पुन्हा वापरायचे. यात मेख अशी, की एकदा मिसळलेलं पुन्हा वेगळं होत नाही. बेस दबला असेल तर तो दबलेलाच राहणार. शिवाय प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढते. त्याच काळात मोठ्या स्टुडिओंमध्ये चोवीस ट्रॅकची यंत्रं होती. तिथे निर्णय पुढे ढकलता यायचे, हवं ते नंतर बदलता यायचं. इथे गाणं कसं वाजणार हे फीत फिरायच्या आधी ठरलेलं लागायचं. म्हणून सगळे एका खोलीत बसून एकत्र वाजवायचे, आणि जे उतरलं ते उतरलं.

‘बूडल’वरचं शेवटचं गाणं, ‘पॉइंट दॅट थिंग समव्हेअर एल्स’, हेडफोन लावून ऐका. हॅमिशचा ठेका सुरुवातीपासून शेवटपर्यंत जराही वळण घेत नाही. बेस मोजक्या सुरांवर फिरत राहतो. डेव्हिडच्या गिटारची एक तार तानपुऱ्यासारखी अखंड घुमत असते आणि तिच्या अंगावरून दुसरे सूर वर चढतात, घसरतात, फाटतात. गळा मागे कुठेतरी आहे, जवळजवळ पुटपुटल्यासारखा. गाणं पुढे जातं ते चालीच्या जोरावर नाही. ते दाट होत जातं. आपल्याकडे एका सुरावर ठाण मांडून बसणं ही सवयीची गोष्ट आहे, म्हणून हे गाणं मराठी कानाला लवकर उमगेल असं मला खरोखर वाटतं.

अशा ध्वनिमुद्रणाला पुढे ‘लो-फाय’ म्हणायची पद्धत पडली, आणि खरखर हाच जणू गुण असल्यासारखं तिचं कौतुक झालं. मला ते पटत नाही. या मुलांना खरखर नको होती. ती पत्करावी लागली. त्यांच्या गाण्यांत मोल आहे ते मर्यादेत घेतलेल्या नेमक्या निर्णयांना. साधनं मिळाली तेव्हा त्यांतल्या कित्येकांनी ती उत्तम वापरली, आणि त्याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे द चिल्स.

१९८२ मध्ये फ्लाइंग ननने ड्युनेडिनच्या चार बँड्सची मिळून एक जोड तबकडी काढली. द चिल्स, स्नीकी फीलिंग्ज, द स्टोन्स आणि द व्हर्लेन्स यांना एकेक बाजू. तीही नॉक्स आणि हूड यांनी याच चार ट्रॅकच्या यंत्रावर, क्राइस्टचर्चमधल्या एका घरात ध्वनिमुद्रित केली. ‘ड्युनेडिन डबल’ या नावाने ती ओळखली जाते. मार्टिन फिलिप्सचं लेखन तिथे प्रथम नीट दिसलं. त्याच वर्षी चिल्सने ‘पिंक फ्रॉस्ट’ ध्वनिमुद्रित केलं. सुरुवातीला गिटारची एक चपळ, जवळजवळ आनंदी लकेर येते. काही क्षणांत ती थांबते आणि खालून बेसचा एक थंड, फिरता आकृतिबंध सुरू होतो. पुढचं सगळं गाणं त्या थंडीत आहे. जवळचं माणूस शेजारी निश्चल पडलेलं आहे आणि आपल्याला काहीच करता येत नाही, एवढाच त्याचा विषय. फिलिप्स तो ओरडून सांगत नाही, म्हणून तो अंगावर येतो.

हे गाणं प्रसिद्ध व्हायच्या आधीच, जुलै १९८३ मध्ये, बँडचा ड्रमवादक मार्टिन बुल रक्ताच्या कर्करोगाने गेला. ‘पिंक फ्रॉस्ट’ १९८४ मध्ये बाहेर आलं तेव्हा ते लोकांनी त्याच्याच आठवणीत ऐकलं. बुलने आपलं चामड्याचं जाकीट फिलिप्ससाठी मागे ठेवलं होतं. त्यावर फिलिप्सने १९८६ मध्ये ‘आय लव्ह माय लेदर जॅकेट’ हे गाणं केलं, आणि ते शोकगीत नाही. दणदणीत, चालतं-फिरतं रॉक गाणं आहे. मित्राचं जाकीट अंगात घालून रस्त्यावर उतरलेल्या माणसाचं गाणं असंच असायला हवं.

सुरुवातीची ही गाणी ‘कॅलिडोस्कोप वर्ल्ड’ या संकलनात एकत्र मिळतात. पण ज्याला एकच अल्बम ऐकायला वेळ आहे, त्याला मी ‘सबमरीन बेल्स’ देईन. १९९० चा हा अल्बम इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, गॅरी स्मिथच्या निर्मितीखाली ध्वनिमुद्रित झाला आणि अमेरिकेतल्या ‘स्लॅश’ कंपनीने काढला. न्यूझीलंडमध्ये तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला. पहिल्याच ‘हेवन्ली पॉप हिट’मध्ये ऑर्गनचा पूर लोटतो. ‘दि ऑनकमिंग डे’ धाप लागेपर्यंत पळतं. शेवटच्या, अल्बमच्याच नावाच्या गाण्यात सगळं पाण्याखाली गेल्यासारखं संथ होतं. जेमतेम छत्तीस-सदतीस मिनिटांत इतकी वेगवेगळी हवामानं आणि कुठेही सांधा उघडा पडत नाही. हे घरगुती यंत्रावर झालं नसतं, आणि तरीही याची सगळी शिस्त त्या घरगुती यंत्रावरच शिकलेली आहे. याउलट त्याआधीचा ‘ब्रेव्ह वर्ड्‌स’ मी या पुस्तकात मुख्य शिफारस म्हणून घेतलेला नाही. त्यातली गाणी उत्तम आहेत, पण मूळ ध्वनिमिश्रण गढूळ आहे आणि नव्या श्रोत्याला ते दूर लोटेल.

फिलिप्सचं पुढचं आयुष्य खडतर गेलं. बँडमधली माणसं पुन्हा-पुन्हा बदलली, व्यसन जडलं, यकृताला हेपॅटायटिस-सी झाला, आणि मृत्यू दारात उभा असताना नव्या औषधाने तो वाचला. २०१९ मध्ये त्याच्यावर एक माहितीपटही आला. २०१५ पासून त्याने पुन्हा नवे अल्बम केले. जुलै २०२४ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी तो गेला. तरुणपणी अर्धवट राहिलेली गाणी त्याने शेवटच्या काळात पुरी केली होती. ती ‘स्प्रिंगबोर्ड’ या अल्बमात २०२५ मध्ये बाहेर आली.

द व्हर्लेन्सची जात वेगळी. ग्रेम डाउन्सच्या या बँडचं नाव फ्रेंच कवी पॉल व्हर्लेनवरून आलेलं; डाउन्सने पुढे ऑटागो विद्यापीठात गुस्टाव्ह मालरच्या संगीतावर डॉक्टरेट केली आणि तिथेच रॉक संगीत शिकवलं. त्याची गाणी ऐकताना हे कळतं, पण कुठेही शिकवणी चालू आहे असं वाटत नाही. १९८३ चं ‘डेथ अँड द मेडन’ हे त्यांचं सर्वांत गाजलेलं गाणं. शीर्षक शूबर्टच्या रचनेचं, ध्रुवपदात कवी व्हर्लेनच्या नावाचा घोष, आणि मध्यावर गाणं एकदम रस्ता सोडून भलत्याच लयीत शिरतं. डाउन्सला मुखडा-अंतरा-मुखडा हा ठरलेला हिशोब मान्यच नाही. गाणं जिथून निघालं त्या स्वरात ते परतेलच, याची खात्री तो देत नाही.

१९८५ चा ‘हालेलुया ऑल द वे होम’ आणि १९८७ चा ‘बर्ड-डॉग’ हे त्यांचे दोन अल्बम मी शेजारी-शेजारी ठेवतो. पहिल्यात तिघांच्या वाजवण्यातून नाट्य उभं राहतं: गिटारचे झपाट्याने तोडलेले फटके, अचानक शांतता, मग पुन्हा उसळी. दुसऱ्यात फुंकवाद्यं येतात आणि पैस वाढतो. ‘स्लो सॅड लव्ह साँग’मध्ये डाउन्सचा गळा फाटतो, तो सावरत नाही, आणि ध्वनिमुद्रणात ते तसंच ठेवलं आहे. सुबक गळ्याची अपेक्षा ठेवून कोणी इथे आलं तर निराश होईल. ज्याला गाणाऱ्याचं म्हणणं ऐकायचं आहे, त्याने मात्र हे दोन अल्बम चुकवू नयेत. या पुस्तकातली सर्वांत अवघड आणि सर्वांत टिकाऊ शिफारस हीच.

द बॅट्स हा क्लीनमधल्या रॉबर्ट स्कॉटचा दुसरा बँड. १९८२ पासूनचा, तो मात्र क्राइस्टचर्चचा. स्कॉट, पॉल कीन, केय वुडवर्ड आणि माल्कम ग्रँट हे चौघं कित्येक दशकं तेच राहिले, जे रॉक बँड्सच्या जगात नवल आहे. ‘डॅडीज हायवे’ (१९८७) ऐका. वरवर एकसारखी वाटणारी बारा-एक गाणी, झणझणत्या गिटारी, स्कॉटचा साधा गळा आणि त्याला वुडवर्डची साथ. मधूनच ॲलिस्टर गॅलब्रेथचं व्हायोलिन. पहिल्या ऐकण्यात काही घडत नाही असं वाटेल. तरीही ऐकत राहा.

लुक ब्लू गो पर्पलविषयी मात्र थोडं थांबून लिहायला हवं, कारण या कथेतही बाया मागे राहतात. पाच तरुणींचा हा बँड १९८३ ते १९८७ एवढाच टिकला. त्यांनी पूर्ण लांबीचा अल्बम काढलाच नाही. ‘बिविच्ड’, ‘एलबीजीपीईपी टू’ आणि ‘धिस इज धिस’ या तीन छोट्या तबकड्या, एवढंच त्यांचं काम. गिटारींच्या जोडीला नॉर्मा ओमॅलीची बासरी आणि कीबोर्ड, आणि एकमेकींत गुंफलेले गळे. ‘सर्कम्स्पेक्ट पेनेलपी’ या गाण्याच्या शीर्षकातच ओडिसियसची वाट पाहत बसलेली ती ग्रीक महाकाव्यातली बायको आहे. ‘कॅक्टस कॅट’ तर इतकं हलकं आणि चपळ आहे, की त्यामागची कारागिरी दिसतच नाही. ‘मुलींचा बँड’ म्हणून त्यांचा उल्लेख होत राहिला. त्यांच्या गाण्यांची रचना मात्र त्यांच्या कुठल्याही पुरुष सोबत्यांइतकीच पक्की होती. ड्रम वाजवणाऱ्या लेस्ली पॅरिसने पुढे फ्लाइंग ननचा कारभार सांभाळला. सगळी गाणी एकत्र हवी असतील तर २०१७ मध्ये निघालेलं ‘स्टिल बिविच्ड’ हे संकलन आहे. म्हणजे आता त्यांचा अल्बम नाही, ही सबबही उरलेली नाही.

शेन कार्टरच्या स्ट्रेटजॅकेट फिट्सचा ‘हेल’, पीटर गटरिजच्या स्नॅपरचा ‘शॉटगन ब्लॉसम’, नॉक्स आणि अलेक बाथगेट या जोडीच्या टॉल ड्वार्फ्सच्या घरगुती करामती, यांच्याविषयी त्या-त्या प्रकरणात लिहिलं आहे. स्नॅपरचा अल्बम रात्री, मोठ्या आवाजात ऐकावा, एवढंच इथे सांगतो.

या सगळ्याला ‘ड्युनेडिन साउंड’ म्हणतात. सोयीचं लेबल आहे, पण त्यावर फार विसंबू नका. स्नॅपरचा घोंघाट आणि बॅट्सचा मऊपणा यांत समान काय, तर माणसं आणि कंपनी. यांचं महत्त्व सांगायची एक पद्धत अशी, की पेव्हमेंट आणि यो ला टेंगो या अमेरिकी बँड्सनी यांच्याकडून बरंच घेतलं, म्हणून हे महत्त्वाचे. घेतलं हे खरंच. अमेरिकेतल्या ‘मर्ज’ कंपनीने २००३ मध्ये द क्लीनचं मोठं संकलन काढलं तेही याच आस्थेतून. पण दुसऱ्याच्या यशाचा उगम म्हणून कोणाला ऐकणं मला अपुरं वाटतं. ‘बर्ड-डॉग’मुळे पुढे कोणी काय केलं याचा पत्ता नसला, तरी ‘बर्ड-डॉग’ तेवढाच मोठा राहतो.

आपल्याकडे हे का पोचलं नाही, त्याचं उत्तर सरळ आहे. मुंबई-पुण्याच्या दुकानांत पाश्चात्त्य रॉकच्या कॅसेटी आल्या त्या मोठ्या कंपन्यांच्या करारांतून. क्राइस्टचर्चच्या एका दुकानदाराने काढलेल्या तबकड्यांना त्या वाटेने जागा नव्हती. लंडनमध्येही त्या या हातून त्या हातीच पोचत; बीबीसीवरच्या जॉन पीलने चिल्सना १९८५ मध्ये आपल्या कार्यक्रमासाठी वाजवायला बोलावलं, तेव्हा कुठे तिथे कान टवकारले गेले. पुढे फ्लाइंग नन एका ऑस्ट्रेलियन कंपनीच्या हाती गेली, मग वॉर्नरकडे, आणि बरेच अल्बम वर्षानुवर्षं बाजारात मिळेनासे झाले. २००९ मध्ये शेफर्डने काही साथीदारांसह ती परत विकत घेतली. मूळ फिती आता वेलिंग्टनच्या अलेक्झांडर टर्नबुल ग्रंथालयात जतन होत आहेत आणि जुने अल्बम पुन्हा निघत आहेत. ज्या अंतरामुळे हे संगीत असं घडलं, त्याच अंतराने ते अडवून धरलं होतं. ऐकणाऱ्यापुरतं ते अंतर आज संपलं आहे.

वाचकाला माझी विनंती एवढीच. पुस्तक सरळ वाचू नका. एक प्रकरण वाचा, थांबा आणि तो अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न उठता ऐका. सुरुवात ‘सबमरीन बेल्स’पासून करा, मग ‘बूडल बूडल बूडल’, मग ‘डॅडीज हायवे’. व्हर्लेन्सकडे कान तयार झाल्यावर या. आणि एखादा अल्बम आवडला, तर तो विकत घ्या. हॅमिश किलगोर २०२२ मध्ये गेला, फिलिप्सही गेला. पण यांतले बरेच जण अजून वाजवत आहेत, आणि फ्लाइंग नन अजून चालू आहे.